पडायची जागा

आमच्या बॅचच्या मुली नव्या वॉर्डात शिरल्या की आधी पंखा कुठं आहे ते बघायच्या. आमची ‘धडाम’ मात्र स्वतःला पडायची जागा बघायची. कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणायची, मागं ठेवायची आणि मला बजावायची, "मी हितं पडनार हाय. तू जरा सरकून उभी ऱ्हा."

धडाम हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात मिळालं. नर्सिंग कॉलेजच्या लॅबमधल्या डमीवर ती सगळ्यांत हुशार. डमीला रक्त नसतं ना! भिवंडीतल्या हॉस्पिटलात ट्रेनिंग सुरू झालं, सिस्टरनी एका म्हाताऱ्याला सलाईन लावलं, नळीत जरासं लाल दिसलं आणि बाई हातातल्या ट्रेसकट आडव्या. म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं आपली खाट तिला दिली आणि स्टँड हातात धरून तिच्या उशाशी उभा राहिला.

कॉलेजच्या मॅडम भडकल्या. "खाटा पेशंटसाठी असतात. पुन्हा पडलीस तर वडिलांना बोलावून घेईन."

वडील यायला एका पायावर तयार होते. वळ गावात त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी, घरात कशाला कमी नाही. मुलगाही बघून ठेवलेला. फक्त हिच्या नापास होण्याची वाट बघत लग्नाचा हॉल बुक करायचा तेवढा थांबला होता. धडाम मला म्हणायची, "लगीन करीन गं, पन पडली म्हनून न्हाय करनार." हे बोलताना मात्र ती हसायची नाही.

मग पॉवरलूमवर काम करणारा एक चाचा आला. गडी दांडगा, मिशा भरदार, बोट मशीनमध्ये सापडलेलं. ड्रेसिंग धडामनं करायचं, मॅडम मागं हाताची घडी घालून उभ्या. तिनं पट्टी सोडली. तिचा चेहरा पांढरा पडला, हात स्टुलाकडे गेला. मी डोळे मिटले. धप्पकन आवाज झाला.

पडला होता चाचा. स्वतःचं बोट बघून तो खाटेवरून थेट तिच्या स्टुलावर घसरला होता. धडाम खवळलीच. "ओ चाचा! पडनेका नंबर मेरा हाय! मुंडी नीचे करो!" एका हातानं त्याची मान खाली दाबून, तोंडानं त्याला झापत तिनं अख्खं ड्रेसिंग पुरं केलं.

"आज पडली नाहीस?" मॅडमनी विचारलं.

"स्टूल रिकामं न्हवतं, मॅडम."

आता आम्ही दोघी त्याच हॉस्पिटलात स्टाफ आहोत. ती कॅज्युअल्टीत असते. घेरी तिला अजूनही येते. पण ती आधी काम उरकते आणि मग बसते. लग्नही झालं, तिच्या पसंतीच्या मुलाशी. वडील मांडवभर "आमची सिस्टर, आमची सिस्टर" करत फिरत होते.

मी कधीच पडले नव्हते. त्याचा मला भारी तोरा होता. परवा माझ्या बाबांना, ते काम करतात त्या काल्हेरच्या गोदामातून आणलं. पायावर पेटी पडलेली, मोजा रक्तानं भिजलेला. मी वरच्या वॉर्डातून धावत खाली आले. धडाम त्यांचा मोजा कापत होती, हात जराही हलत नव्हता.

"मला काही होत नाही," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. पायानं स्टूल माझ्यामागं सरकवलं.

"बस गं. आज नंबर तुझा हाय."

मी बसले, आणि मगच मला रडू फुटलं.