मायले बसवून ठेवा

माझं शिक्षण म्हणाल तर दहावी आणि त्यापुढे नर्सिंगचा कोर्स, बस्स. लिहिण्याची सवय चार्टपुरती. ताप किती, लघवी किती, कूस केव्हा बदलली. म्हणून जसं बोलते तसंच लिहिते आहे, शुद्धलेखन ज्याचं त्याने पाहून घ्यावं. आता अमरावतीत मुलीकडे असते, दुपारी वेळ असतो.

आमचं मूळ गाव वलगाव. नवरा गेल्यावर लेकरं मायच्या भरवशावर टाकून मी मस्कतला गेले आणि बारा वर्षं तिथे काढली. शेवटची चार एका घरी, त्यांच्या म्हाताऱ्या आईजवळ. ती पूर्ण अंथरुणावर. दर दोन तासांनी मी तिची कूस बदलायची, पाठ पुसायची, टाचांखाली मऊ कापड द्यायची. चार वर्षांत तिच्या अंगावर लाल डागसुद्धा उठला नाही. तिचा मुलगा आल्यागेल्या पाहुण्याला कौतुकाने सांगायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

इकडे अकोल्यात माझ्या मायला लकवा झाला. माझी लेकरं तोवर शिकायला होस्टेलवर गेली होती, आणि माय माझ्या धाकट्या भावाजवळ राहायची. भाऊ दिवसभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात, म्हणजे सारं भावजयीच्या अंगावर. भावजय कामाची होती, पण माझा तिच्यावर भरोसा नव्हता. तिथूनच मी फोनवर हुकूम सोडला, "मायले झोपवून ठेवायचं नाही. छातीत कफ भरते. मी व्हिडिओ कॉल करीन तवा मले ती बसलेली दिसली पाहिजे. आंघोळ झालेली, वेणी घातलेली."

पहिल्याच आठवड्यात एकदा माय आडवी दिसली.

"अवं ताई, आत्ताच टेकवलं त्याईले," भावजय म्हणाली.

"मले नको शिकवू. तुयासारख्या छप्पन पाहिल्या मी वार्डात."

त्या दिवसानंतर माय कधी आडवी दिसली नाही. पाठीशी लोड, दोन्ही बाजूंना उशा, धुतलेलं लुगडं. तोंड वाकडं झालं होतं, पण जीभ शाबूत.

"काय वो, तुई थे अरबीण हाये का गेली?"

"असं नको म्हणू ना माय."

"मंग काय म्हणू? तिले माही लेक उसनी देल्ली, वापस करन का नाही थे?"

मी हसायची. मागे रोज अगरबत्ती जळताना दिसायची. मला वाटलं, भावजय देवाधर्माला लागली.

दोन वर्षांनी महिन्याची सुट्टी मिळाली. अकोल्याला पोहोचले, चपला काढल्या आणि तशीच दारात उभी राहिले. अगरबत्तीच्या आडून जो वास येत होता, तो मी तीस वर्षं ओळखते. बॅग खाली ठेवली, मायला कुशीवर केलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम. कडा काळ्या आणि आत पांढरं हाड.

मी ओरडले. "काहून नाही सांगितलं मले? डोळे फुटले होते का तुये?"

भावजय भिंतीला टेकून उभी होती. खाली पाहतच बोलली.

"तुमची कामातून सुट्टी कदी बाराले व्हाये, कदी तीनले. फोन केव्हा येते काय माहीत! तुमी म्हणल्या बसलेली दिसली पाहिजे, तं मी अकरापासून बसवून ठेवो. त्या खाली घसरत, मी वर ओढो. पुन्हा घसरत, पुन्हा ओढो. निजवतो म्हटलं तं मायच म्हणत, राहू दे, लेक रागवन तुले. जखमेचं बी त्याईनंच सांगू देल्लं नाही. म्हणे, थे नोकरी सोडून येईन."

बसवलेला पेशंट घसरतो, त्याला ओढलं की कातडी ताणून फाटते, आणि सगळा भार माकडहाडावर येतो. वार्डात नव्या पोरींना हे मीच शिकवायची. दोन वर्षं रोज मायचा चेहरा पाहिला. पाठ दाखवा, असं एकदाही म्हटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलं आहे, घरीच सेवा करा. तरी मला आशा होती. याहून खराब जखमा मी भरताना पाहिल्या होत्या. हवेची गादी आणली. दर दोन तासांनी कूस. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग. भावजय मायला कुशीवर धरून ठेवायची, मी धुवायची. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायचो. पट्टी दे. पाणी दे. धर.

एका सकाळी माय कण्हत म्हणाली, "हळू वो. त्या अरबिणीले बी असंच दुखवत होती का?"

"नाही माय. तिले जखमच नव्हती."

तोंडातून निघून गेलं. मायनं डोळे मिटले. तशीच म्हणाली, "मंग तं लय चांगली नर्स हायेस तू."

टोमणा होता की कौतुक, त्या वाकड्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. विचारायची माझी हिंमत झाली नाही. सुट्टीच्या सतराव्या दिवशी ती गेली.

तेरवीला सारं गणगोत आलं होतं. पंगत बसली, भावजय वाढत होती. वरूडची मामी माझ्या शेजारी बसलेली. पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक तिकडे परक्याईची सेवा करून राहिली, अन् इथं घरच्याईनं म्हातारी सडवली. माही भाची इथं असती तं असे हाल झाले असते का? सुनेले काय, सासू मेली काय अन् राहिली काय!"

भाऊ पानात पाहू लागला. भावजयीच्या हातात वरणाची बादली होती. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसती वाट पाहिल्यासारखं.

बसवून ठेवायला मीच सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. सारे माझ्याच तोंडाकडे पाहत होते.

मी भातात आळं केलं आणि म्हटलं, "वरण वाढ."

ती वाकली. तिनं वाढलं.