शेवंतीमावशींच्या वाट्याचं ऊन

सकाळचा चहा झाला की शेवंतीमावशी गच्चीवर जायच्या आणि कठड्यावर तळहात टेकवून उभ्या राहायच्या. सिमेंट कोमट लागलं की मान हलवायच्या, जणू कुणीतरी वेळेवर कामाला आलं होतं.

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत त्या आमसुलांसाठी ओळखल्या जात. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून दर वैशाखात गावाहून कोकमाचे रातांबे यायचे. साली सोलायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. साली काळ्याभोर होईपर्यंत हेच चालायचं. मुलगा सुशांत याच आमसुलांवर शिकला.

"भात काय, आंबो काय, बांगडो काय," त्या म्हणायच्या, "सगळा उनाच्या जीवावर. आपण नुसते वाढपी."

म्हणूनच सेक्रेटरी अनिरुद्धने गच्चीवर सोलार बसवायचं काढलं तेव्हा मीटिंगमध्ये पहिला हात मावशींचा वर गेला. इतकं ऊन फुकट जातं, याचं त्यांना कायम वाईट वाटे.

वैशाख आला. मावशी परात घेऊन वर गेल्या. गच्चीभर आता सोलारच्या काळ्या, तापलेल्या, तिरक्या फळ्या होत्या. त्यांना वाटलं, वा, वाळवणाची सोयच झाली! जुनं लुगडं पसरून त्यांनी रसातल्या साली त्यावर मांडल्या.

दुपारी अनिरुद्धच्या मोबाइलवर वीज अर्ध्यावर आलेली दिसली. त्याने कंपनीचा माणूस बोलावला. माणूस वर जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, मशीन ठीक आहे. वर लोणचं घातलंय कुणीतरी."

संध्याकाळी गच्चीला कुलूप लागलं. मावशींनी खाली आणलेल्या साली अजून ओल्या होत्या. आणखी एक दिवस ऊन मिळालं नसतं तर बुरशी धरली असती आणि वर्षाची आमसुलं गेली असती. सकाळी मावशी परात घेऊनच अनिरुद्धच्या दारात उभ्या राहिल्या.

"चावी दी रे."

"मावशी, काय केलंत तुम्ही! त्या पॅनेलना सावली चालत नाही. एक झाकलं तर अख्खी ओळ झोपते."

"म्हणजे तेंचापण माझ्यासारख्याच. ढग इलो की काम बंद."

"चेष्टा नाही हो. लिफ्ट, पंप, सगळं त्यावर चालतं आता."

"चलांदे. तू उनाची वीज करतंस, मी उनाचा आमसूल करतंय. सूर्य काय सोसायटीचो आसा?"

आतून त्याच्या बायकोचा, मानसीचा, आवाज आला, "दे ना चावी! वर्षभर सोलकढी कुणाच्या आमसुलाची ओरपतोस रे?"

अनिरुद्ध चावी घेऊन स्वतःच वर गेला. दक्षिणेच्या कठड्यालगत, पॅनेलच्या पुढे, हातभर रुंदीची मोकळी पट्टी होती. खाली मांडलेल्या सालींची सावली पॅनेलवर पडणार नव्हती. कठड्याचीही अडचण नव्हती. वैशाखात सूर्य इतका डोक्यावर येतो की कठड्याची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते.

"एवढी पट्टी तुमची. पॅनेलवर मात्र काही ठेवायचं नाही."

मावशींनी पट्टी पाहिली. मग पॅनेलवर बोट फिरवलं. बोट धुळीने करडं झालं, समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ.

"हेंका आंघोळ कोण घालता?"

कुणीच घालत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी साली मांडायच्या आधी ओल्या फडक्याने पॅनेल पुसू लागल्या. पुढे अनिरुद्धही बादली घेऊन येऊ लागला. मोबाइल बघून तो ओरडायचा, "मावशी, आज झकास!" आणि त्या साल दाबून म्हणायच्या, "माझापण."

अशी चार वर्षं त्या पट्टीत आमसुलं वाळली. गेल्या मार्गशीर्षात मावशी झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी सून श्रुतिका गच्चीवर उन्हात घातलेलं अंथरूण खाली आणत होती. मावशींनी उशी हातात घेतली, गालाला लावली आणि म्हणाल्या, "उद्या ही परतून घाल गो. या बाजूक ऊन लागाक नाय."