काउबॉयच्या सिनेमातली आत्या

काउबॉयच्या त्या सिनेमांचा मला राग यायचा, आणि अजूनही येतो. डबिंगसाठी त्यांचे मराठी संवाद लिहायचं काम हातात आलं म्हणून मी ते सलग पाहिले, नाहीतर पाच मिनिटांत बंद केले असते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३०-४०च्या दशकांत आठवड्याभरात एक अशा घाईनं उरकलेले तासाभराचे काळेपांढरे सिनेमे. एका मालिकेत नायक तोच, त्याची पांढरी टोपी तीच, घोडा तोच. दगडांची टेकडीही एकच. तिच्याआड या सिनेमात दरोडेखोर लपायचे, पुढच्या सिनेमात शेरीफ. घोड्यांचा पाठलाग तर दुसऱ्याच कुठल्या सिनेमातून उचललेला असायचा. त्यामुळे नायक जवळून दिसला की शर्ट चौकड्यांचा आणि लांबून दिसला की साधा.

गोष्टही ठरलेली. गावातल्या कोटवाल्या सावकाराला आधीच कळलेलं असतं की इथून रेल्वे जाणार आहे. गरिबांच्या जमिनी त्याला हव्या असतात. तो माणसं पाठवून कुंपणं तोडतो, गोठे जाळतो, कागदावर सह्या घेतो. मग शेवटच्या दहा मिनिटांत पांढऱ्या टोपीवाला येऊन दोन ठोसे मारतो, जमिनी परत मिळतात, सगळे हसतात आणि तो गिटार वाजवत निघून जातो.

हे बघताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी बेलापूरजवळच्या आगरी गावातली. आमच्याकडे रेल्वे आली, शहर आलं, कोटवालेही आले. पांढऱ्या टोपीवालेसुद्धा आले, पण ते मतं मागायला. जिथे आमची भातशेती होती तिथे आता सेक्टर आहे, आणि तिथल्या मॉलच्या पार्किंगमध्ये माझा चुलतभाऊ शिट्टी फुंकत उभा असतो.

डबिंगचा स्टुडिओ नेरूळला होता, एका इमारतीच्या तळमजल्यावर. आधी तिथे ब्यूटी पार्लर होतं. भिंतींना फोम चिकटवला होता, पण एका कोपऱ्यातला मोठा आरसा तसाच राहिला होता. मालक पन्नाशीचे, पूर्वी टीव्ही मालिकांमध्ये काम केलेले. हक्क संपलेले हे सिनेमे फुकट मिळतात, ते मराठीत करून यूट्यूबवर टाकायचे, असा त्यांचा धंदा. गोड बोलायचे, आणि त्या गोड बोलण्यात कुठे काय टोचेल याचा नेम नसायचा.

तिसऱ्या की चौथ्या सिनेमाच्या वेळी ते म्हणाले, "मॅडम, या गुंडांना आणि रेड इंडियन लोकांना आगरी भाषा देऊ या. पब्लिकला जाम मजा येते."

"का येते मजा?" मी विचारलं.

"अहो, ती भाषाच तशी आहे. ऐकलं की हसू येतं."

"मी आगरीच आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खरंच कौतुकानं म्हणाले, "काय सांगता! बोलण्यावरून अजिबात वाटत नाही हो."

मी त्या दिवशी काम सोडायला हवं होतं असं माझी बहीण म्हणते. पण मला सोडायचं नव्हतं, भांडायचं होतं. मी त्यांना सांगितलं की गुंड मराठी बोलतील ती पुस्तकी, शुद्ध. सावकार तर अगदी सदाशिव पेठी बोलेल. आगरी बोलेल ती एकच बाई. त्या सिनेमात एक म्हातारी विधवा होती, सावकाराला जमीन द्यायला नकार देणारी. मालकांनी विचार केला. त्यांना वाटलं म्हातारी आगरी बोलली तर विनोदी होईल, म्हणून ते हो म्हणाले. मला काय वाटत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी आवाजासाठी जी नटी बोलावली ती नाटकात कोळीण करणारी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "गो बाय" लावायची आणि कंबरेवर हात ठेवून बोलायची, माइकसमोरसुद्धा. दोन वाक्यांतच मी तिला थांबवलं. ती चिडली. "मग आणा तुमची खरी," असं म्हणून पर्स उचलून निघून गेली.

मी खरी आणली. माझी आत्या.

आत्या सत्तरीची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हा माहेरी परत आली आणि भावांच्या शेतात राबली. शेत गेल्यावर मासळी विकली. आता गुडघ्यांमुळे घरीच असते आणि दिवसभर कुणाला तरी बोल लावत असते. सिनेमाचं ऐकून ती म्हणाली, "मना कनाला नेतंस? मी काय नटी हाय?" पण दुसऱ्या दिवशी नऊवारी नेसून, गजरा माळून दारात उभी होती.

स्टुडिओत तिला हेडफोन लावले, ते तिनं एक कान उघडा ठेवून घातले. समोरच्या टीव्हीवर ते दृश्य लागलं. सावकार घोड्यावरून उतरतो, कोटाच्या खिशातून कागद काढतो, म्हातारी दारात उभी. मी लिहिलेली तीन वाक्यं मोठ्या अक्षरांत समोर ठेवली होती. आत्याला वाचता येतं, पण तिनं कागदाकडे पाहिलंच नाही.

"घोऱ्यावरून उतरला म्हनून मोठा झाला काय रं तू?" तिनं सुरुवात केली. "ही जमीन तुजे बापाची हाय? माजे बापानं खारं पानी आरवून शेत केला. बांध आमी घातला, चिखलान आमी मेलो, आनि तू कागद घेऊन येतंस? दाखव तुजे हात! एक तरी घट्टा हाय का हातावं? चल, निंग हितून!"

पडद्यावरच्या बाईचं तोंड केव्हाच मिटलं होतं. दृश्य बदललं, नायक घोड्याला पाणी पाजत होता, तरी आत्या बोलतच होती. आवाज टिपणारा मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. माझ्या अंगावर काटा आला होता. काचेपलीकडे मालक पोट धरून हसत होते.

"एक नंबर!" ते आत येऊन म्हणाले. "काकू, तुम्ही तर आग लावली!"

"पुन्हा घेऊ, ओठांबरोबर जुळत नाही," मी म्हटलं.

"मुळीच नाही. हेच राहणार."

आत्या मात्र शांतपणे गजरा नीट करत होती. रिक्षात तिनं एवढंच विचारलं, "मंग त्या म्हातारीची जमीन र्‍हाते का जाते?" मी म्हटलं, राहते. तिनं तोंड वाकडं केलं. "खोटा सिनेमा हाय," म्हणाली.

सिनेमा यूट्यूबवर आला तो आलाच. पण त्याआधी मालकांनी आत्याचा तेवढाच तुकडा वेगळा काढून टाकला. मागे टिंगलीचं संगीत, आत्याच्या प्रत्येक वाक्याला हशा, आणि वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'आगरी काकूने काउबॉयला धुतला'. दोन दिवसांत तो आमच्या गावातल्या प्रत्येक फोनवर होता. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. कुणीतरी मासळीच्या वासावरून लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं की जमिनीचे पैसे घेऊन गाड्या उडवल्या आणि आता रडतात. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी मालकांना फोन केला. "सर, तो तुकडा काढा."

"अहो, चालतोय तो! काकू फेमस झाल्यात."

"लोक त्यांना हसतायत."

"हसवणं वाईट आहे का? तुम्ही फार मनाला लावून घेता, मॅडम. तुमच्या समाजाला मोठं केलं मी."

"आमच्या समाजाला तुम्ही मोठं करू नका," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आत्याकडे गेले. ती ओट्यावर भाजी निवडत बसली होती. मी विषय काढला तर म्हणाली, "बघितला मी." दोन-तीन दिवस ती गप्पच होती, शेजारणींशीही भांडली नाही. मला वाटलं, लाजेनं गप्प झाली. आत्या गप्प म्हणजे ती खचली, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. माझ्या चुलतभावानं गावातल्या मंडळाच्या पोरांना सांगितलं.

मग ती पोरं नेरूळला गेली, मीही त्यांच्याबरोबर गेले. स्टुडिओच्या दारात मोटरसायकली आडव्या लावल्या. पुढारी मुलगा आवाज न चढवता मालकांना म्हणाला, "आमच्या आईबायांना जोकर करताव तुमी? काढा, नायतर हे दुकान उद्या उघडनार नाय."

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर माझ्यावर होती. "हे तुम्ही केलंत, मॅडम? घरच्यासारखं वागवलं मी तुम्हाला."

"घरच्यासारखंच वागवलंत," मी म्हटलं. "घरातसुद्धा मला कुणी विचारत नाही."

त्यांनी आमच्यासमोर तो तुकडा काढला. अख्खा सिनेमाही काढला. नंतर तो परत टाकला तेव्हा विधवेचा आवाज दुसऱ्याच मुलीचा होता, मऊ, रडवेला, शुद्ध मराठी. "कृपा करा, मालक, माझ्या पोराबाळांकडे पाहा," असं काहीतरी. ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

पोरांनी येताना पेढे आणले. आम्ही सगळे आत्याच्या दारात गेलो. "आत्या, काढायला लावला," चुलतभाऊ म्हणाला. "आता कोन नाय हसनार तुला."

आत्यानं पेढ्याच्या पुड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "काय काढला?"

"तुझा व्हिडिओ."

"कोनाला इचारून?"

पोरं चुळबुळली आणि एकेक करून पांगली. मी एकटी राहिले.

"आत्या, लोक घाण घाण लिहीत होते," मी म्हटलं. "तुझी टिंगल चालली होती."

"मना ठावं हाय. शेजारचे पोरीनं वाचून दाखवला सगला." ती उभी राहिली. गुडघा दाबत, पण उभी राहिली. "हसू दे की. हसाला तरी त्यांना ऐकावा लागला ना मी काय बोलली ते? त्या येली जमीन मोजाला आले तवा तुजा बाप आनि काका पुढं होते. मना सांगितला, तू घरान बस. मी घरान बसली. सह्या झाल्या, जमीन गेली, मी एक सबुद नाय बोलली. आता या वयान बोलली, तं तुमी जाऊन पुसून आलाव. पेढे घेऊन आलाव वर!"

"मग गप्प का होतीस इतके दिवस?"

"आजून काय काय बोलाचा र्‍हायला त्याचा इचार करत होती मी!"

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या वेळी मालकांपेक्षा जास्त राग मला तिचा आला. मी म्हटलं, तुझ्यासाठी माझं काम गेलं. तू तिथे जाऊन काहीही बोललीस, ओठांकडे लक्ष दिलं नाहीस, म्हणून त्या माणसाला संधी मिळाली. तुझं बोलणं त्यानं विकायला काढलं आणि तुला ते चालतं? ती म्हणाली, मासली इकली मी, माजा बोलना कोनी इकला तं तुजा काय जातं? शेजारीपाजारी खिडकीत आले. आम्ही दोघी त्या ओट्यावर, इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो ते सगळं बोललो. माझ्या आईनं तिला स्वयंपाकघरात कसं वागवलं, मी शिकून बोलणं कसं बदललं, तिनं माझ्या लग्नात काय अडवलं, सगळं. शेवटी तिनं पेढ्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं.

अजूनही माझं मत बदललेलं नाही. तो हशा, ते संगीत, ती पिवळी अक्षरं मला कधीच चालणार नाहीत. लोकांनी तिचं ऐकलं असं ती म्हणते. माझ्या मते त्यांनी आवाज ऐकला, शब्द कुणी ऐकले नाहीत. पण त्या तुकड्यात बोलली होती ती, मी नाही, हेही मला नाकारता येत नाही.

परवा मालकांचा मेसेज आला. नवी मालिका मिळाली आहे, यात नायक तोंडावर रुमाल बांधतो त्यामुळे ओठ जुळवायची भानगड कमी, झालं गेलं विसरा, काकूंनाही घेऊन या. मी उत्तर दिलं नाही. पण हे आत्याला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक त्यांनी तिच्या शेजारणीच्या फोनवरही पाठवलं असावं.

गौरीच्या दिवशी तिच्याकडे जावंच लागलं. आमच्याकडे गौरीला चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, नैवेद्य असतो. माझ्या ताटात ते कालवण वाढताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "कवा जावाचा नेरूलला?"

"मी नाही जाणार."

"नको जाऊ," ती म्हणाली. "मी रिक्षानं जाईन."

आणि ती पुढच्या ताटाकडे गेली.