बडेबाबूंच्या सखूचं काय करायचं?

बाकीच्या ऑफिसांत साहेबांचे किस्से साचतात. साकोलीच्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात साचले ते एका कोंबडीचे! आम्ही जुने लोक लग्नाकार्यात भेटलो, की पत्रावळीवर भात पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अन् ते सखू, आठवते का?"

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. सखू आमच्या हेडक्लार्कची, म्हणजे बडेबाबूंची. कोंढ्याच्या टूरवर कुणीतरी साहेबांना पिल्लू भेट दिलं. साहेब पक्के शाकाहारी, म्हणून ते बडेबाबूंच्या पिशवीत आलं. बाबू एकटे राहायचे. पिल्लू खाटेखाली झोपायला लागलं आणि विषयच संपला.

पुढं सखू अंड्यावर आली आणि बाबूंचे हाल सुरू झाले.

*

एक दिवस त्यांनी ऑफिसात येऊन टेबलावर रुमाल उघडला. आत अंडं, पण वरचं कवचच नाही! नुसता फुगा. साहेबांनी कुतूहलानं बोट लावलं, आणि त्यांचा टूर प्रोग्राम पिवळा झाला.

आमचा चपराशी झनकलाल म्हणाला, "बाबू, तिले चुना द्या." आणि स्वतःची डबी पुढं केली. तेव्हापासून त्याचा अर्धा चुना सखूला जायचा.

"पन आता तंबाखू मांगंल, तं माह्याकडं पाठवू नका!"

*

चुन्यानं कवच आलं, पण अंडं देताना सखू दुपारभर कण्हायची. बाबू तिला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेले. मी सोबत होतो.

डॉक्टरनं विचारलं, "जात कोणती?"

बाबू म्हणाले, "आमचीच."

"अहो, कोंबडीची विचारून राहिलो!"

"तिचीच सांगून राहिलो. घरातलीच आहे ना!"

डॉक्टरनं पोट चाचपलं आणि हात धुतले. "हे असंच चालणार. कापा आणि खा."

*

मग ऑफिसात रोज डबा खाताना एकच विषय. सखूचं काय करायचं?

टायपिस्ट मेश्रामबाईंचं माहेर बपेऱ्याचं. त्या म्हणाल्या, "माह्या आईकडे ठेवा. चार कोंबड्यांत जीव रमंल तिचा." बाबू तयार झाले. रविवारी एस.टी.नं सखूला घेऊन गेले, आणि संध्याकाळी सखूला घेऊनच परत आले!

"तिथल्या कोंबड्या तिले टोचून राहिल्या होत्या," म्हणाले.

मागाहून मेश्रामबाईंच्या आईकडून कळलं. बाबू खाटेवर बसले, चहा प्यायले, आणि उठले. मांडीवरची पिशवी त्यांनी उघडलीच नव्हती.

*

शेवटी एकदा बाबूच म्हणाले, "झनकलाल, तिचे हाल पाहवत नाहीत. मी बाजारात जातो. तू उरकून टाक."

झनकलाल सुरा आणि मसाला घेऊन गेला. आम्हाला जेवायचं आवतण होतं, पण घास कसा उतरणार, हा प्रश्नच होता. बाजारातून परतलेल्या बाबूंसोबत पोहोचलो, तर झनकलाल अंगणात सखूला तांदळाच्या कण्या टाकत बसलेला!

बाबू म्हणाले, "काहून रे?"

"तुमी गेले अन् ते दाराकडंच पाहत बसली. बाबू, मी लय कोंबड्या कापल्या. वाट पाहनारी कापली नाही कधी."

त्या मसाल्यात आम्ही वांगी खाल्ली.

*

डॉक्टरनं मग शेवटचा उपाय सांगितला. अंधारात ठेवा, अंडी थांबतील. मी रविवारी भर दुपारी बाबूंच्या घरी गेलो, तर खिडक्यांना पोती ठोकलेली. आत सखू, आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून बडेबाबू.

"बाबू, कंदील तरी लावा!"

"डॉक्टर नाही म्हणाले."

"मग तुम्ही काहून बसले अंधारात?"

"एकटी भेते ते."

अंडी काही थांबली नाहीत.

*

सांगूनच टाकतो, सखू पुढं अंडं अडून गेली. त्या दिवशी डॉक्टर गावाला गेलेले. गरम पाणी झालं, एरंडेल झालं. सखू मान टाकायला लागली, तशा मेश्रामबाई धावत दाई सरजाबाईंना घेऊन आल्या, आणि दारातच अडखळल्या. कारण बाबूंची बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली होती. सगळ्या ऑफिसला माहीत होतं, पण बाबूंनी कधी ते तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या घरात दाईला न्यावं कसं?

बाबूंनीच पाट टाकला. "या, बाई."

"मी बायांची दाई आहो, कोंबड्यांची नाही," असं पुटपुटत सरजाबाई बसल्या. बोटाला तेल लावलं, सखूला मांडीवर घेतलं, बराच वेळ चाचपलं. कपाळावर घाम आला. आणि जन्माची सवय, कोंबडी आहे हे विसरून त्या बोलून गेल्या, "बाबू, दोघांतलं एकच वाचंल. कोनाले वाचवू?"

म्हणाल्या आणि जीभ चावली. झनकलाल हसायला गेला, पण हसला नाही.

बाबू म्हणाले, "तिलेच वाचवा."

थोड्या वेळानं, सखूच्या डोक्यावरून हात फिरवत, आमच्याकडे न पाहता म्हणाले, "मांगच्या खेपी मले कोणी विचारलंच नव्हतं."