नहाणीच्या जाळीतून आलेली चिंबोरी

आधीच सांगते, मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. मांजर आडवं गेलं तर थांबत नाही, उंबऱ्यावर कोण शिंकलं तर नाक पुसायला फडकं देते. इथे ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी वाचते आणि अर्ध्यात सोडते... प्रत्येक वेळी अमावास्या, प्रत्येक वेळी पांढरी साडी! माझ्या अनुभवात दोन्ही नाही. सकाळचे साडेअकरा, ट्यूब लावलेली बाथरूम आणि एक चिंबोरी, म्हणजे खेकडा. हसायचं तर हसून घ्या. मला मात्र अजून राग येतो, आणि तो नक्की कुणावर काढायचा हे कळत नाही म्हणून लिहायला बसलेय.

रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथे आम्ही तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता. तळमजला का, तर आमच्या ह्यांचे गुडघे. हे कंपनीत शिफ्टला, दिवसभर उभं राहून काम. बिल्डिंगच्या जागी आधी भाताची खाचरं होती, वर भराव टाकून बांधलेली. मी शेतकऱ्याची मुलगी, पेणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमचं माहेर. म्हणून मी बिल्डरला तोंडावर विचारलं होतं, भराव नीट दाबलाय ना? तर म्हणतो, "वैनी, खाली पक्का कातळ हाय. हत्ती नाचवा." त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर माझंच तोंड विटाळेल.

दुसऱ्या पावसाळ्यात मी माझ्या लेकीला, अश्विनीला, बाळंतपणासाठी घरी आणलं. जावई डोलवीला कंपनीत, सासर पेणला. विहीणबाई सोडायलाच तयार नव्हत्या. "रोह्याला कशाला न्यायची? पेणला काय डॉक्टर नाय?" मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं. माझं माझ्या आईने केलं, हिचं मी करणार, मधे कोणी यायचं नाही. भांडून आणली हो तिला! आठवा लागला होता. डिंक, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळी तयारी करून ठेवलेली.

आणि ती आल्याच्या चौथ्या दिवशी बाथरूममध्ये चिंबोरी.

तळहाताएवढी, शेतातली, तांबूस-काळी. गिझरखालच्या कोपऱ्यात, जिथे आंघोळीचं स्टूल असतं, तिथे बसून नांग्यांनी लादी खरवडत होती. किर्र किर्र. मला वाटलं, ह्यांनी पिशवीतून आणलेली सुटली असेल. सुपलीत घेऊन बाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला परत एक. त्याच कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी परत! अश्विनी आंघोळीला जाताना आधी मला आत पाठवायला लागली.

आता ऐका. बाथरूमच्या खिडकीला बारीक जाळी, खिळे मारून बसवलेली. दाराखाली फट नाही. राहिली ती नहाणीची जाळी, पाणी जायची. स्टीलची, चार स्क्रूंनी घट्ट, आणि तिच्या भोकातून माझी करंगळीसुद्धा जात नव्हती. मग ही भवानी येते कुठून?

सलीमभाईंना बोलावलं. अष्टमीतले जुने प्लंबर, आमच्या सगळ्या बिल्डिंगचे नळ त्यांच्याच हातचे. त्यांनी जाळी खोलली, खाली हात घातला, टॉर्च मारला, परत बसवली.

"ताई, इथनं झुरळ येल, गांडूळ येल. जाळी काढलीत तर उंदीर पण येल. चिंबोरी नाय."

"मग काय आभाळातनं पडते?"

"ते मला नाय माहीत. पन इथनं नाय." आणि जाताना वर आणखी एक जाळी बसवून गेले. डबल.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्टूल टाकून बाथरूमच्या दारात बसले, हातात खराटा. अकरापासून डोळ्यात तेल घालून जाळीकडे बघत होते. साडेअकराला गॅसवाल्याने बेल वाजवली, मी "थांब रे!" म्हणून मान वळवली. वळवली तेवढीच. परत बघते तर कोपऱ्यात चिंबोरी. किर्र किर्र. मी खराटा असा हाणला की तिची डावी नांगी तुटून दाराशी आली. डबल जाळी जिथल्या तिथे.

मी बिल्डरला फोन लावला. तो माणूस हसला! म्हणतो, "वैनी, लोक बाजारात पैसे मोजतात. तुमाला घरपोच फुकट. रस्सा करा, मला पन बोलवा." माझ्या डोक्याची शीर अशी तडतडली... जाऊ दे.

तेवढ्यात जनीबाय आली. पलीकडच्या कातकरवाडीवरची बाई, पावसाळ्यात रानभाज्या नि चिंबोऱ्या घेऊन दारावर येते. मी ती नांगी तुटलेली चिंबोरी बादलीत टाकली होती, ती तिच्यापुढे केली, म्हटलं घेऊन जा. तिने उचलून उलटी केली. पोटाच्या झाकणाखाली पिल्लंच पिल्लं, मोहरीएवढी, वळवळणारी.

"ही नाय घेनार मी," जनीबाय म्हणाली. "पिल्लंवाली आमी धरत नाय. आन तुझ्या घरात पोटुशी पोर हाय गो. मारू नको हिला, वहाळाच्या पाण्यात सोड."

"सोडते गं. पण रोज येतात त्याचं काय?"

"येतीलच. चिंबोरी निघते तिथं खाली पोकळ असतंय. तू शेतवाल्याची पोर ना गो? तुला मी सांगू?"

"शेतात ठीक आहे, जनीबाय! इथे खाली लाद्या आहेत, सिमेंट आहे!"

तिने चिंबोरी परत बादलीत सोडली. पाटी डोक्यावर घेऊन गेली.

मी खरंच सोडणार होते, देवाशपथ. एवढ्यात विहीणबाईंचा फोन. "ऐकलं, तुमच्या संडासातनं खेकडे निघतात म्हनं? पोरीला पाठवून द्या बाय इकडं." संडासातनं नाही, नहाणीतून! पण ऐकतंय कोण? फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. अश्विनीच्या आंघोळीचं निंबाचा पाला घातलेलं पाणी गॅसवर खळखळत होतं. ते उचललं आणि बादलीत ओतलं. सगळं. चिंबोरी दोनदा हलली आणि लाल झाली.

मागे अश्विनी उभी होती.

"आई, तिच्या पोटाखाली पिल्लं होती गं."

"तुझ्या पोटात पण आहे. त्याची काळजी कर!" असं बोलले मी. पोटच्या पोरीला. ती आत गेली आणि दिवसभर जेवली नाही. मेलेली चिंबोरी मी माझ्या हाताने घंटागाडीत टाकली, ती गाडी वळणावरून गेलेली बघितली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मी चिंबोऱ्यांचा कायमचा बंदोबस्त करायला निघाले. आमच्याकडे चिंबोऱ्या बांध पोखरतात, तेव्हा माझे वडील त्यांच्या बिळात दाणेदार औषध टाकायचे. मी तेच आणलं. अश्विनी ह्यांच्याबरोबर तपासायला गेली तेव्हा पुडी नहाणीत रिकामी केली आणि वरून पाणी सोडलं. असा उग्र वास सुटला की डोळे झोंबले. घरात गरोदर पोर आणि मी नहाणीत विष ओततेय... आज कोणी असं केलेलं ऐकलं तर मी त्याच्या थोबाडीत देईन.

दुसऱ्या दिवशी चिंबोरी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस काही नाही. मी मिशी नसताना पीळ देत फिरत होते. पण अश्विनी कपडे घडी करून बॅगेत ठेवत होती. शनिवारी म्हणाली, "आई, उद्या हे येतायत न्यायला. मी पेणलाच जाते." चिंबोऱ्या गेल्या, आता कशाला जातेस म्हटलं, तर म्हणाली, "चिंबोऱ्यांमुळे नाही जात मी."  रात्रभर त्या दुपट्यांच्या गाठोड्याकडे बघत पडले.

रविवारी आमचे हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. जावई बारापर्यंत यायचा होता. मी लेकीसाठी पाणी काढून ठेवलं, गिझरखाली स्टूल ठेवलं. ती टॉवेल घेऊन गेली, आणि तिची हाक आली. किंकाळी नाही. हळू, "आई..." म्हणून.

मी खराटा घेऊनच गेले. बाथरूमच्या उंबऱ्यावर, बरोबर मधोमध, चिंबोरी बसलेली. तोंड आमच्याकडे. डावी नांगी नाही. पोटाचं झाकण थोडं उघडं आणि त्याखाली मोहरीएवढी पिल्लं.

मी डोळे चोळून परत बघितलं. मग नेहमीप्रमाणे रागच आला. "सर बाजूला," मी म्हटलं.

"आई, मारू नको. थांबूया. ती जाईल तेव्हा जाईन मी आंघोळीला."

"पाणी निवतंय!"

"निवू दे!"

मी खराटा उगारला. तिने माझं मनगट धरलं. आठव्या महिन्यातली पोर, पण काय धरलंन! दोघी उंबऱ्याच्या अलीकडे भांडतोय. ती म्हणते, तुला कोणाचंच काही वाटत नाही. मी म्हणते, तुझ्यासाठीच तर करते सगळं. एक मिनिट, दीड मिनिट... चिंबोरी तिथेच. ना हलते ना खरवडते.

आणि बाथरूमची जमीन खाली बसली.

मोठा आवाजसुद्धा झाला नाही. भाताचं पोतं पाठीवरून खाली टाकावं तेवढाच. गिझरखालचा कोपरा आधी गेला, मग स्टूल, बादली, लाद्या. खालून पाण्याचा डुबुक असा आवाज आला आणि गार, कुबट हवा वर आली. उंबऱ्याच्या पुढे काळं भोक. मी अश्विनीला मागे ओढली ती थेट रस्त्यावर नेऊन उभी केली. तिथे पोरगी रडत होती आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून नुसती "आहे ना? आहे ना?" विचारत होते. बाळाने आतून लाथ मारली तेव्हा मी मटकन रस्त्यावरच बसले.

खाली विहीर होती. शेतातली, दगडाने बांधलेली जुनी विहीर. वर पत्रे नि भराव टाकून त्या भामट्याने बिल्डिंग उभी केली होती. तो आला, आणि खांदे उडवून म्हणाला, "जुनी गोष्ट हाय वैनी, आमाला कुठं माहीत?" मी त्याची कॉलर धरली. सोडवायला तीन माणसं लागली आणि त्यातल्या दोघांनी उशीरच केला, त्यांचे आभार.

सलीमभाईंनी गळ टाकून नहाणीचा तुकडा वर काढला.  मला बोलावून दाखवलं. दोन्ही जाळ्या लादीला तशाच, स्क्रूसकट. "ताई, मी बोललो व्हतो. इथनं नाय." उंबऱ्यावरच्या चिंबोरीचा मात्र कुठे पत्ता नव्हता.

आता लोक मला समजावतात. चिंबोऱ्या विहिरीतल्या, मान्य. तुटक्या नांगीची दुसरी एखादी असेल, शेतात शंभर असतात. मान्य, बाबा! पण जाळीतून कशी आली? आणि नहाणीचा पाइप खाली फुटलेला निघाला, म्हणजे मी आठ दिवस आधी त्या विहिरीतच विष ओतलं होतं, मग ही पिल्लांसकट जिवंत कशी? विहीणबाई म्हणाल्या, देवाने राखलं. मी म्हटलं, देवाचं नाव घेऊ नका. राखलं तिने, आणि मी तिला उकळत्या पाण्याने मारलं होतं.

खरा राग कशाचा येतो सांगू? माझे वडील औषध टाकायच्या आधी बांधावर पहार मारून बघायचे. "आधी पहार, मग औषध," हे त्यांचं ठरलेलं. चिंबोरी खरवडते तिथे आत काय आहे ते आधी बघायचं, नाहीतर चिंबोरी मरते आणि बांध फुटतो. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून हे बघितलंय. जनीबायने तोंडावर सांगितलं. त्या चिंबोऱ्या रोज त्याच कोपऱ्यात, बरोबर त्याच कोपऱ्यात, किर्र किर्र करून सांगत होत्या. आणि मी शेतकऱ्याची पोर, चकचकीत लाद्या बघून सगळं विसरले.

अश्विनी पेणला गेली नाही. आम्ही रोह्यात भाड्याने घर घेतलं, आणि तिथेच तिला मुलगी झाली. विहीणबाई आल्या, नातीला मांडीवर घेतलं. मी दुपट्यांचं गाठोडं त्यांच्यापुढे सोडलं.

त्या भाड्याच्या घरात सामान लावायच्या आधी मी एक काम केलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन नहाणीत बसले आणि जाळीचे चारही स्क्रू काढून टाकले. हे दारातून ओरडले, "अगं, काय करतेस? झुरळं येतील, उंदीर येतील, काहीही येईल वर!"

"येऊ दे," मी म्हटलं, आणि जाळी उचलून बाजूला ठेवली.