आमच्या कॅसेटची मागची बाजू

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात एक रॉक बँड होता. ही गोष्ट कोल्हापूरला अजूनही माहीत नाही.

बँडमध्ये आम्ही तिघे. मी गायक आणि कवी (दोन्ही पदांवर स्वतःच नेमलेला), ड्रमवर संद्या, आणि एक गिटारवाला. गिटार त्याच्या थोरल्या भावाची असल्यामुळे भाऊ कामावर गेल्यावरच आमच्यात क्रांती व्हायची. बँडचं नाव 'बर्निंग शुगरकेन'. उसाच्या मुलखातला बंडखोर दुसरं काय नाव ठेवणार! गाणं एकच होतं, 'पेटव रे अंधार'. अंधार नेमका कसा पेटवतात हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, पण चार मिनिटांत बावीस वेळा मी तसं बजावलं होतं.

गाणं टेप झाल्यावर संद्यानं कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलेलं ज्ञान काढलं.

"परदेशात पुढच्या बाजूला हिट गाणं टाकत्यात आणि मागच्या बाजूला पडेल. बी-साईड म्हणत्यात त्याला."

"आपल्याकडं पडेल गाणं कुठं हाय?" मी म्हणालो.

"हाय की एक," गिटारवाला म्हणाला, "पण ते आपण पुढच्या बाजूला टाकलंय."

त्याच्याकडे दुर्लक्ष करून आम्ही मागची बाजू कोरी ठेवली.

आमच्या घरात कोरी ठेवलेली कुठलीही वस्तू कोरी राहत नाही, हे मी विसरलो. माझे वडील, अण्णा, एका हायस्कूलचे हेडमास्तर. पाठकोरा कागद दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. लग्नपत्रिकांच्या पाठीवर किराणा मालाची यादी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर नातेवाइकांना पत्रं! (माझ्या आत्याला सासू वारल्याच्या सांत्वनाबरोबर 'कोणतेही पाच प्रश्न सोडवा' असाही सल्ला मिळाला होता.) त्याच महिन्यात अण्णा निवृत्त होत होते आणि शाळेनं त्यांचा सत्कार ठरवला होता. अण्णांना सत्काराचा तिटकारा. हा तिटकारा योग्य शब्दांत व्यक्त व्हावा म्हणून ते आठ दिवस टेपरेकॉर्डरसमोर भाषणाची तालीम करत होते. छत्तीस वर्षं मुलांना भाषणं शिकवलेल्या माणसाला स्वतःचं असं हे एकच करायला मिळणार होतं. तालमीसाठी त्यांना एक पाठकोरी कॅसेट सापडली. ती आमची होती.

त्यांनी ती घेतल्याचं मला माहीत नव्हतं. मी ती दुकानात नेऊन चाळीस कॉप्या करायला सांगितल्या. दुकानदाराचं मशीन दोन्ही बाजू एकदम आणि भरधाव उतरवायचं, त्यामुळे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. कॅसेटी घरी आल्या. कव्हरवरचा माझा गॉगलमधला फोटो पाहून आईला भरून आलं. सत्काराच्या प्रत्येक पत्रिकेबरोबर तिनं एक कॅसेट घरोघर पोचवली. शिक्षक, पाहुणे, संस्थेचे चेअरमन, कोणीही सुटलं नाही.

सत्काराच्या सकाळी इचलकरंजीहून मामा आला. त्याचे तिथे यंत्रमाग.

"भाच्या, कॅसेट लई भारी! सुट्टीदिवशी शेडमधी सगळ्यास्नी ऐकवली."

"गाणं आवडलं?"

"ते गाणं व्हतं व्हय? आमचा माग दुरुस्त करणारा जॉबर उठून कुठला माग बिघडलाय बघाय गेला. मी म्हटलं, आरं माग बंद हाईत, बस खाली. मग त्यानंच कॅसेट उलटी केली. दाजींचं भाषण! पोट धरून हसली की माणसं!"

मी कॅसेट लावली. मागच्या बाजूनं अण्णा बोलू लागले. "मी काही वक्ता नाही. आज बोलायचं असं काही ठरवून आलो नव्हतो." मग आईचा आवाज. "ठरवून न्हाई व्हय? आठ दिस झालं, घर डोक्यावर घेतलंय!" पुढे अण्णा. "इथं गळा दाटतो. दहा सेकंद थांबायचं." आणि मग, "आमचे चेअरमनसाहेब म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ."

पुन्हा आईचा आवाज. "अवं, त्यास्नी सहीपलीकडं लिहाय येत न्हाई म्हणत हुता की!"

"अगं, सत्काराला कुणी खरं बोलत न्हाई."

मी खटकन टेप बंद केला. आई शेजारी उभी राहून शांतपणे ऐकत होती. "आवाज बरा आलाय की माझा," ती म्हणाली.

"आई, अण्णांना सांगायला पाहिजे!"

"काय सांगू नगंस. बीपी हाय त्यांना. निम्म्या लोकांनी ऐकलीबी नसंल."

हॉल खच्चून भरला होता. माणसं एवढ्या उत्सुकतेनं सत्काराला आलेली मी कधी पाहिली नव्हती. चेअरमन पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर काहीही नाही. शाल झाली, नारळ झाला, अण्णा उभे राहिले.

"मी काही वक्ता नाही. आज बोलायचं असं काही ठरवून..."

"आलो नव्हतो!" हॉलनं वाक्य पूर्ण केलं.

अण्णांना वाटलं, लोक भारावलेत. ते पुढे बोलत गेले आणि ठरल्या जागी त्यांचा गळा दाटला. मागून कोणीतरी मोजायला लागलं. "एक... दोन... तीन..." चारपासून सगळा हॉल मोजत होता!

दहा झाले. अण्णांना सगळं समजलं. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चेअरमनकडे. पुढचं वाक्य विद्यापीठाचं होतं. ते म्हणणं शक्य नव्हतं आणि गाळणं त्याहून शक्य नव्हतं. आता त्यांचा गळा खराच दाटला होता आणि मोजायला कोणी धजत नव्हतं.

चेअरमन उठले. सावकाश स्टेजवर चढले. त्यांनी माईक ओढला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "सर, कुठं करू सही?"

सगळा हॉल हसत कोसळला. अण्णा हसले, खो खो हसले, हातातले कागद घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, "आता बाकी मी खरंच काही ठरवून आलेलो न्हाई." त्यानंतर पाच मिनिटं ते घरच्यासारखे बोलले. नापास होणाऱ्या पोरांविषयी, गळणाऱ्या वर्गांविषयी, आणि 'चालत्याबोलत्या विद्यापीठा'कडं खेटे घालूनही त्यांवर कौलं बसवून न मिळाल्याविषयीसुद्धा. चेअरमननी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॅसेटींना मागणी सुरू झाली. चंदगडच्या पाहुण्यांनी एसटीतल्या माणसाबरोबर निरोप धाडला, "भाषणाच्या दोन पाठवा, गाणं नसलं तरी चालंल." संद्यानं ड्रम विकले. थोरल्या भावानं गिटार परत घेतली. अंधार होता तसाच राहिला.

दहा-बारा वर्षांनी कबनूरला एका लग्नात एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत आले.

"पावणं, तुम्ही त्या कॅसेटवाल्या बँडचं न्हवं?"

मी केसांवरून हात फिरवला. शेवटी कोल्हापूरला कळलं तर! "व्हय," मी म्हणालो.

"लई भारी बँड! तुमच्यातलं ते म्हातारं कसं हाईत? आणि त्या मधनं बोलायच्या त्या बाई?"

"बरी आहेत दोघंही."

"झकास! आणि तुम्ही काय करत हुता त्यात?"

"मी पुढच्या बाजूला होतो," मी म्हणालो.

"असंल," ते म्हणाले, "ती बाजू आम्ही कधी लावली न्हाई."