त्याला मिळालेली क्षमा

माझ्या भावाला ज्या टेम्पोने उडवलं, त्याचा ड्रायव्हर शिक्षा भोगून सुटला आणि आमच्याच चर्चमध्ये येऊ लागला. तुरुंगात प्रार्थनेला येणाऱ्या एका पाळकांमुळे तो ख्रिस्ताकडे वळला होता. भिवंडीतली आमची मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. तो मागच्या बाकावर बसला की माझं उपासनेतलं लक्ष उडायचं.

एका रविवारी तो साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायला, उभा राहिला. अंबाडीकडचा माणूस, बोलणंही तिकडचंच.

"काल्हेरच्या रोडला माझ्या हातून एक जीव गेला. मी प्यालेलो होतो. कोर्टानं शिक्षा दिली, ती बरोबरच हाय. पन प्रभूनं मला माफ केलंय. आता झोप लागते."

झोप लागते! भाऊ गेल्यापासून मी रोज गुडघे टेकून तेवढंच तर मागत होते. जन्मापासून ख्रिस्ती मी, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवणारी, आणि शांती मिळाली ती याला. राग यायला हवा होता. मला वाटला तो निव्वळ हेवा.

तेवढ्यात आई उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. भावाच्या दफनविधीलाही ती रडली नव्हती. मी जवळ घेतलं की नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. आज सगळ्यांसमोर ती रडली, आणि कुणाजवळ!

वर तिने त्याला जेवायलाही बोलावलं. त्याच्याकडे न बघताच मी रस्सा वाढला. त्याने पहिला घास घेण्याआधीच आईने विचारलं, "शेवटी काही बोलला का रे माझा मुलगा?"

"पानी मागितलं त्यांनी. मी पाजलं. मग म्हणाले, घरी सांगा."

आईने डोळे मिटले. माझ्या भावाचे शेवटचे शब्दही याच्याच वाट्याला आले होते.

तो गेल्यावर मी भांडी आदळतच विचारलं, "माझ्याजवळ का नाही रडलीस कधी?"

आईने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. मग म्हणाली, "तू आधीच मोडून गेली होतीस. तुझ्यावर आणखी कसा भार टाकू? त्याच्यावर टाकला. त्याने तो उचलायलाच हवा होता."

तरीही पुढच्या प्रभुभोजनाला सगळे भाकर घ्यायला पुढे गेले, तेव्हा मी जागची हलले नाही. मनात अढी ठेवून भाकर घेऊ नये, हे मीच मुलांना सांगत आले होते. आमच्या पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "त्याला फार सोपं गेलं, साहेब."

"सोपं गेलं की काय, ते त्यालाच विचार ना."

मी त्याला फाटकापाशी गाठलं. "खरंच झोप लागते?"

त्याने मान खाली घातली. "लागते, ताई. पन जाग आली की पयलं त्यांचंच तोंड दिसतं. ते देवानं पुसलं न्हाय. मी पुस म्हनतबी न्हाय."

पुढच्या खेपेला भाकर घ्यायला मी उठले. तो रांगेत माझ्या पुढेच उभा होता. त्याच्या शांतीचा हेवा अजून वाटतच होता. पण तो परत जाताना मी बाजूला सरकून त्याला वाट दिली.